कोरडी चाचणी

कपाटामागची ओल पहिल्यांदा दिसली बायकोला, पण शोधली ती नळसाहेबांनी. या दोन गोष्टींत फार फरक आहे असं त्यांचं म्हणणं. दिसायला काय, कुणालाही दिसतं. शोधायला पाणीपुरवठा खात्यात गळती निरीक्षक म्हणून सव्वीस वर्षं काढावी लागतात. ती त्यांनी काढली होती. रस्त्याच्या पोटात पाइप कुठे फुटलाय हे ते वरून ओळखत. त्यासाठी त्यांच्याकडे छातीइतकी उंच एक पोलादी काठी होती, वरच्या टोकाला लाकडी वाटी बसवलेली. खालचं टोक जमिनीला, वाटी कानाला, डोळे मिटलेले. दोन मिनिटांनी डोळे उघडून ते म्हणत, "इथं खणा." आणि तिथे पाणी लागे. कधी नाही लागलं, तर खणणाऱ्यांनी नीट खणलेलं नसे.

अशा माणसाच्या स्वतःच्या दिवाणखान्यात, पुस्तकांच्या कपाटामागे, तळहाताएवढी ओल निघावी हा त्यांनी सरळसरळ अपमान मानला.

"पुसून टाकते," बायको फडकं घेऊन वाकली.

"हात लावू नकोस! पुरावा आहे तो."

त्यांनी ओलीभोवती खडूने वर्तुळ काढलं, आत आकडा घातला आणि खात्याच्या लांबट नोंदवहीत लिहिलं: वर्तुळ एक, मंगळवार, सकाळी सात वीस, आकार तळहात, रंग फिकट पिवळसर. शेरा: वरून पाझर.

या सगळ्यावर मुकादम देखरेख करत बसला होता. मुकादम म्हणजे घरातला बोका. सहा वर्षांचा, करडा, गळ्याखाली पांढरा. स्वतः काडी न उचलता दुसऱ्याच्या कामाकडे तासन्‌तास बघत बसायचा, म्हणून ते नाव. नळसाहेब चारचौघांत सांगत, "बायकोने आणलाय हो, मला नाही मांजराबिंजराचं वेड." पण कचेरीतून आल्यावर मुकादमाला पिशवी हुंगू दिल्याशिवाय ते बूट काढत नसत. मुकादमाच्या रेतीसाठी त्यांनी खात्यातलं बाद झालेलं लोखंडी घमेलं आणलं होतं आणि त्याला दरवर्षी रंग देत. दोनच महिन्यांपूर्वी मात्र दोघांत थोडा बेबनाव झाला होता. स्वयंपाकघरातला एक नळ गळायचा आणि मुकादम त्याखाली जीभ लावून तासभर पाणी प्यायचा. गळती निरीक्षकाच्या घरात गळका नळ म्हणजे शोभा, म्हणून नळसाहेबांनी नवा वायसर घालून तो ठणठणीत बंद केला. मुकादम दोन दिवस नळाकडे बघत बसला आणि मग यायचा बंद झाला. भांड्यात पाणी ठेवलेलं असे, त्याकडे तो ढुंकून बघत नसे.

तर ओल. दुसरं वर्तुळ निघालं बाथरूमच्या उंबऱ्याशी, तिसरं स्वयंपाकघरात ओट्याखाली, चौथं पुन्हा कपाटामागे, जरा डावीकडे. नऊ दिवसांत सात वर्तुळं झाली. दिवाणखान्यात पाहुणे बसायला आले की पाय वर्तुळाबाहेर ठेवून बसत.

"अहो, वास येतोय," बायको म्हणाली.

नळसाहेबांना वास येत नव्हता. क्लोरिनच्या टाक्यांवर उमेदवारी करताना त्यांचं नाक जे कामातून गेलं ते गेलंच. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी दोनदा जोरात श्वास घेतला आणि मान डोलावली. "सांडपाणी आहे. म्हणजे नळाचा पाइप नव्हे, बाथरूमचा. प्रकरण गंभीर आहे."

"मुकादम तर करत नसेल?"

यावर नळसाहेब इतके दुखावले, की त्यांनी उत्तर द्यायला खुर्चीत बसून घेतलं. सहा वर्षं जो बोका घमेल्याबाहेर एक थेंब सांडत नाही, त्याच्यावर असा आळ? शिवाय मांजर जातं ते एका जागी, सात जागी नाही. आणि करायचंच तर भरपूर करेल. असे चमचा-चमचा डाग कोण करतं? वाट शोधणारं पाणीच असं करतं.

"तो घमेल्यात सारखा जाऊन बसतो हल्ली. आणि चाटत असतो."

"ओलीने अस्वस्थ झालाय बिचारा. जनावराला आधी कळतं."

आठवी ओल नळसाहेबांच्या कचेरीच्या बुटात निघाली. डाव्या. इथे सामान्य माणसाला शंका आली असती. नळसाहेबांनी पायमोजा बदलला आणि बायकोला पाणी कातड्यातून वर कसं चढतं ते वीस मिनिटं समजावून सांगितलं.

शेजारच्या दारात विमावाले राहत. लोकांचे विमे उतरवता उतरवता त्यांना कुठल्याही विषयावर सल्ला द्यायची सवय जडली होती. ते आले, छताकडे बघत म्हणाले, "वर तर कोरडं ठणठणीत आहे हो. पाणी वरून येतं तर छत नको का भिजायला?"

"भिंतीच्या आतून येतंय. बाहेरून आलेलं कुणालाही दिसतं, त्याला निरीक्षक कशाला लागतो?" नळसाहेबांनी काठी भिंतीला लावली, वाटी कानाला लावली, डोळे मिटले. आत खरोखरच घुं घुं ऐकू येत होतं. तो विमावाल्यांचा फ्रिज होता हे पुढे कळलं.

आता वर कोण, तर वरच्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहणाऱ्या. जिन्यात त्या समोरून आल्या की इमारतीतली मोठी माणसंसुद्धा नकळत एका रांगेत चालत. त्यांना तोंडी सांगायची छाती नळसाहेबांना होईना. त्यांनी लेखी जायचं ठरवलं, आणि लेखी जायचं तर पुरावा पक्का हवा म्हणून चौथ्या वर्तुळातली ओल कापसाने टिपून खात्याच्या प्रयोगशाळेत नेली. तिथला सहायक जुना मित्र. तो म्हणाला, "अमोनिया सडकून आहे. लघवी आहे सरळ. पण माणसाची की कशाची, ते आमचं यंत्र सांगत नाही बरं का."

नळसाहेब पहिली दोन वाक्यं ऐकून जिन्यापर्यंत पोचले होते.

नोटीस त्यांनी स्वतः लिहिली आणि तिची एक प्रत इमारतीच्या फलकावर डकवली. त्यात असं होतं: "आपल्या न्हाणीघरातून मूत्रमिश्रित सांडपाणी खालील सदनिकेत झिरपत असून, सदर बाब आपल्या वैयक्तिक सवयींशी निगडित असल्यास त्यात तातडीने सुधारणा करावी." 'वैयक्तिक सवयी' हे शब्द सुचले तेव्हा त्यांना फार सभ्य वाटले होते. संध्याकाळी वरच्या बाईंनी नोटीस परत पाठवली. खाली, गृहपाठाच्या वहीवर करतात तशी, तारखेसह सही होती आणि एक शब्द: 'बघितले.'

इमारतीच्या सेक्रेटरींची मात्र पंचाईत झाली. भांडणं त्यांना सोसत नसत. "फोडाफोडीच्या आधी खात्री करा बुवा," ते हात जोडून म्हणाले. नळसाहेब या वाक्याचीच वाट बघत होते. खात्यात याला कोरडी चाचणी म्हणतात. पाणी चोवीस तास बंद ठेवायचं. ओल निघायची थांबली, तर गळती पाइपातली. नाही थांबली, तर दुसरं काही. सव्वीस वर्षांत ही चाचणी एकदाही चुकली नव्हती.

शनिवारी सकाळी आठला त्यांनी स्वतःच्या हाताने इमारतीचा मुख्य कॉक बंद केला. त्याआधी, सात चाळीसला, अकरावं वर्तुळ निघालं होतं. अगदी थेंबभर, बाथरूमच्या जाळीपाशी. त्यानंतर दुपारी काही नाही. संध्याकाळी काही नाही. इमारतीतली माणसं बादल्या मोजत, नळसाहेबांचा उद्धार करत दिवस काढत होती आणि नळसाहेब दर तासाला गुडघ्यांवर चालत वर्तुळं तपासत होते. दर तासाला वहीत लिहीत होते: कोरडे. कोरडे. कोरडे. त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढत चाललं होतं.

"मुकादम जेवला नाही," बायको म्हणाली. "घमेल्यात बसून कुंथतोय नुसता. बद्धकोष्ठ झालं असेल का?"

"उद्या बघू. आज चाचणी आहे."

हे वाक्य पुढे त्यांना बरेच दिवस पुरलं.

रविवारी सकाळी आठ वाजता अकराच्या अकरा वर्तुळं कोरडी होती. साडेनऊला सेक्रेटरी, विमावाले आणि प्लंबर दिवाणखान्यात जमले. दहाला प्लंबरच्या माणसांनी वर घाव घालायला सुरुवात केली. वरच्या बाईंनी काही विरोध केला नाही. "चाचणी झाली म्हणता, तर फोडा," एवढंच म्हणाल्या, आणि आपल्या बाथरूममधली फरशी फुटताना बघवेना म्हणून असेल, केसांवर सिमेंटची धूळ घेऊन खाली येऊन दारात उभ्या राहिल्या. नळसाहेब बोलत होते. पाणी आणि सत्य दोन्ही कधी ना कधी बाहेर येतातच, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलत होते आणि सेक्रेटरी मान डोलावत होते.

तेवढ्यात मुकादम स्वयंपाकघरातून आला. पाय जरा फाकवून, पोट सांभाळत. माणसांच्या मधून वाट काढत तो चाचणीसाठी पुढे ओढलेल्या कपाटामागे गेला, चार नंबरच्या वर्तुळात बरोबर मधोमध बसला, शेपटी उचलली आणि कुंथायला लागला. बराच वेळ कुंथला. मग एक बारीक, ओढलेला आवाज काढला, जो नळसाहेबांनी सहा वर्षांत ऐकला नव्हता. आणि वर्तुळात एक थेंब पडला. गुलाबी.

प्लंबर वर्तुळाकडे बघत होता, मग त्याने नळसाहेबांकडे बघितलं, मग आपल्या चपलांकडे. विमावाले पुन्हा छताकडे बघायला लागले. वर ठक्‌ ठक्‌ चालूच होतं. प्रत्येक घाव नळसाहेबांच्या टाळक्यात बसत होता, आणि फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

"थांबवा ते," ते कसेबसे म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की सेक्रेटरींना पुन्हा विचारावं लागलं.

वरच्या बाई मात्र थेंबाकडे बघत नव्हत्या. त्या बोक्याकडे बघत होत्या. "माझ्या बहिणीचा बोका असाच गेला," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत. त्याला उचला. माझी गाडी खाली आहे."

मुकादमाला खात्याच्या कॅनव्हासच्या पिशवीत घातलं. एरवी पिशवीत शिरायला धडपडणारा तो, आज आत पडून राहिला. बाई गाडी चालवत होत्या, शेजारी बायको होती आणि मागे पिशवी मांडीवर घेऊन नळसाहेब. पिशवीच्या तोंडाशी त्यांनी हात ठेवला होता. वाटेत एकदा "बाई," असं ते म्हणाले. बाईंनी आरशातून बघितलं. तेव्हा ते म्हणाले, "डावीकडे सिग्नल आहे."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मुकादमाच्या पोटावर दोन बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा बदलला. "मूत्राशय दगडासारखं झालंय. लघवी बंद होऊन किती वेळ झाला?"

असा प्रश्न त्यांनी आजवर शेकडो लोकांना विचारला असेल आणि शेकडो लोकांनी खांदे उडवले असतील. नळसाहेबांकडे मात्र नोंदवही होती. चष्मा घरी राहिला होता. बायकोचाही. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात मुकादमात गुंतले होते. वही वरच्या बाईंनी घेतली, आणि खोलीत उभं राहून, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"वर्तुळ एक, मंगळवार, सकाळी सात वीस, आकार तळहात. शेरा: वरून पाझर. वर्तुळ दोन, बुधवार, आकार रुपयाएवढा. शेरा: वरच्यांचा निष्काळजीपणा. वर्तुळ तीन, गुरुवार. शेरा: एवढं शिकून उपयोग काय."

"बाई, शेरे नाही वाचले तरी..." नळसाहेब पुटपुटले.

"अर्धवट वाचायची मला सवय नाही. वर्तुळ सहा, रविवार, आकार चमचाभर. शेरा: वयोमानाने ताबा सुटला असावा, तरी सांगायला हवं होतं."

बायकोने पदराने तोंड झाकलं. नळसाहेब भिंतीवरचा कुत्र्याच्या दातांचा तक्ता वाचत राहिले. कान इतके तापले होते की त्यांना तेवढंच करता येत होतं. बाईंनी अकराही वर्तुळं वाचली, मग शनिवारचे चोवीस 'कोरडे' सावकाश, एकेक वाचले, आणि वही मिटली.

"उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकी व्यवस्थित माहिती माझ्याकडे कुणी आणत नाही. बारा दिवस जागा बदलून थोडी थोडी, गार फरशीवर. मग शनिवारी सकाळपासून पूर्ण बंद. म्हणजे सत्तावीस तास. नळी तुंबली आहे. बोक्यांची नळी अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट साका अडकतो. मागे टाकी भरत जाते, मग मूत्रपिंडं जातात, मग हृदय. अजून अर्धा दिवस गेला असता तर..."

त्या भुलेचं इंजेक्शन भरायला लागल्या.

"पण कशाने?" बायकोने विचारलं.

"तपासल्यावर कळेल. खडे असतील, संसर्ग असेल, नुसत्या ताणानेही होतं. वय झालेल्यांत साखरही निघते. एक लक्षात ठेवा: स्वच्छ राहणारं मांजर अचानक बाहेर करायला लागलं तर ती खोड नसते, दुखणं असतं. पाणी किती पितो हा?"

"आधी खूप प्यायचा. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाखाली." बायकोने नळसाहेबांकडे बघितलं. "यांनी तो दुरुस्त केला."

"तेवढ्यानेच झालं असं नाही म्हणता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पाणी कमी झालं की भर पडते."

ज्या एका नळाचं गळणं कुणाच्या तरी उपयोगाचं होतं, तेवढाच आपण बंद केला, हे नळसाहेबांच्या लक्षात आलं. ते बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि त्यांना रडू फुटलं. लाज वाटत होती म्हणून, आणि बोका आत होता म्हणून. कुठल्याचं किती, ते त्यांना सांगता आलं नसतं.

मुकादमाला भूल देऊन नळी घातली, तीन दिवस ठेवून घेतलं. ते तीन दिवस नळसाहेबांनी मान खाली घालून काढले. फलकावरची नोटीस त्यांनी खरवडली, पण डिंक खात्याचा होता. 'वैयक्तिक सवयी' एवढा तुकडा निघेना. जिन्यात लोक मुद्दाम थांबून विचारत, "काय नळसाहेब, कोरडं का ओलं?" प्लंबर फरशीचा जुळता तुकडा मिळत नाही म्हणून गायब झाला होता. त्यामुळे वरच्या बाईंना अंघोळीला खाली यावं लागे. रोज सकाळी सातला दार वाजे, खांद्यावर पंचा आणि हातात साबणाची डबी घेऊन त्या आत येत, वर्तुळं ओलांडत बाथरूमकडे जात आणि जाता जाता विचारत, "कसा आहे तो?" नळसाहेब जमिनीकडे बघून "बरा आहे" म्हणत. माफी त्यांनी लिहायला घेतली होती. 'सदर प्रकरणी निरीक्षकाकडून अनवधानाने' इथपर्यंत चार वेळा लिहून चारही वेळा फाडली. पाचव्यांदा 'अनवधानाने' खोडलं, तर पुढे लिहायला काही उरेना.

बुधवारी संध्याकाळी मुकादम घरी आला. पोटाकडचे केस भादरलेले, चेहरा पडलेला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: नळी काढली आहे, आता त्याने स्वतःहून लघवी करायला हवी. रात्रीत थोडी थोडी केली तरी चालेल, पण सकाळपर्यंत काहीच नाही झालं तर तडक घेऊन या.

रात्री रेती कोरडीच राहिली. पहाटे तो घमेल्यात गेला, बसला, तसाच बाहेर आला. पावणेसातला पुन्हा गेला. बायको दाराआडून बघत होती. जवळ गेलं तर तो उठून जाई, आणि लांबून काही कळत नव्हतं. शेवटी नळसाहेबांनी कोपऱ्यातली काठी घेतली. जमिनीवर पालथे पडले, काठी फरशीवरून हळूच सरकवत तिचं टोक घमेल्याच्या लोखंडी कडेला टेकवलं, वाटी कानाला लावली आणि डोळे मिटले.

आत काहीच नव्हतं. पंजा रेतीत सरकल्याची करकर. मग तीही थांबली. सव्वीस वर्षं या कानाने पाण्याचा आवाज पकडला तो बंद करण्यासाठी. आज ते मनातल्या मनात म्हणत होते, वाहू दे रे, एवढं एकदा वाहू दे.

आणि आवाज आला. आधी थेंब, मग थेंबामागे थेंब, मग सलग बारीक धार. रेतीतून झिरपत ती लोखंडावर पोचली आणि काठीतून सरळ कानात शिरली. नळसाहेब तसेच पडून ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन वाटीत उतरत होतं.

डोळे उघडले तेव्हा समोर दोन पावलं होती. वरच्या बाई, पंचा आणि साबणाची डबी.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली, बाई. चांगली झाली." आणि मग, उठायचंही न सुचून, जमिनीवर पालथ्या पडल्या पडल्याच ते म्हणाले, "बाई, माझं चुकलं. सगळंच चुकलं. मला वास येत नाही. पंचवीस-तीस वर्षं झाली, वासच येत नाही मला. आणि ते सवयींचं लिहिलं, ते मी... ते लिहायला नको होतं."

मुकादम घमेल्यातून उतरला, नळसाहेबांच्या पाठीवर चढला आणि तिथे बसून दोघांवर देखरेख करू लागला.

"बघितलं," बाई म्हणाल्या. "आता पाय आवरा, मला अंघोळीला जायचंय."

त्या त्यांना ओलांडून आत गेल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी थबकल्या.

"अहो, तुमचा ओट्यावरचा नळ गळतोय."

"गळू दे, बाई," नळसाहेब जमिनीवरून म्हणाले. "वायसर मीच काढलाय."